काचेखाली : चंदेरी केस, एक बेअरिंग आणि धनुर्वात

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की रक्ताची काच (थेंब पसरून रंगवलेली) अजूनही सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी बघावी, सगळं मशीनवर सोडू नये. त्यावर बरीच पत्रं आली. काही कौतुकाची, दोन रागावलेली (दोन्ही लॅबवाल्यांची). उत्तर देण्याजोगी चार निवडली आहेत. पहिलं वाचून मी रात्री पुन्हा उठून बसले, म्हणून त्याला जागा जास्त दिली आहे.

प्रश्न : डॉक्टरबाई, नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा अडीच वर्षांचा आहे. जन्मापासून त्याचे केस राखाडी, उन्हात तर चांदीच्या तारेसारखे चमकतात. घरात सगळे सावळे, हा एकटा उजळ. आजी कौतुकानं 'माझा साहेब' म्हणायची. पण वर्षभरात तीनदा न्यूमोनिया झाला, अंगावर गळवं येतात, जरा कुठे आपटला की काळंनिळं पडतं. शेवटी जनुकांची तपासणी केली. रिपोर्टात म्हटलंय, 'एलवायएसटी' नावाच्या जनुकाच्या दोन्ही प्रतींत दोष आहे आणि तो 'बीच डोमेन'मध्ये आहे. मोबाइलवर शोधलं तर समुद्रकिनारे येतात. केसांचा आणि न्यूमोनियाचा काय संबंध? बहीण आणि मेहुणे आते-मामे भावंडं आहेत. सासूबाई म्हणतात, हिनं ग्रहण पाळलं नाही. — एक मावशी, बार्शी

उत्तर : मावशी, आधी ग्रहणाचं मिटवू. हा दोष बाळाच्या आईनं गरोदरपणात केलेल्या किंवा न केलेल्या कशानंही आलेला नाही. आई आणि बाप, दोघांकडेही या जनुकाची एक चांगली आणि एक बिघडलेली प्रत आहे. एका चांगल्या प्रतीवर माणसाचं आयुष्यभर भागतं, म्हणून दोघे ठणठणीत आहेत. बाळाच्या वाट्याला दोघांकडूनही बिघडलेली प्रत आली. मामाची मुलगी करण्याची आपल्याकडे जुनी रीत. अशा नात्यात एकाच आजोबांकडची तीच बिघडलेली प्रत दोन्ही बाजूंनी उतरण्याची शक्यता वाढते. सासूबाईंना सांगा, दोष द्यायचाच तर निम्मा त्यांच्या मुलाकडून आला आहे. नीट शब्दांत सांगा, पण सांगा.

आता समुद्रकिनारा. 'बीच'चा वाळूशी काही संबंध नाही. बेज रंगाच्या उंदरांची एक जात आहे, तिचं नाव 'बेज'. माणसातल्या आजाराचं नाव चेडियाक-हिगाशी. दोन्हीकडे बिघडलेलं जनुक एकच, हे १९९६ साली कळलं, आणि त्या जनुकावरून बनणाऱ्या प्रथिनातल्या एका तुकड्याला (तुकडा म्हणजेच 'डोमेन') दोन्ही नावांची आद्याक्षरं जोडून 'बीच' म्हणू लागले. आजाराचं पहिलं वर्णन क्युबातल्या बेगेस सेझार या बालरोगतज्ज्ञांनी १९४३ साली केलं. चेडियाक आणि हिगाशी दहाएक वर्षांनी आले, पण नाव त्यांचं लागलं. वैद्यकशास्त्रात हे नेहमीचंच.

केस आणि न्यूमोनिया. आपल्या पेशीत बारीक-बारीक पिशव्या असतात. पेशी माल तयार करते, पातळ पडद्याच्या पिशवीत भरते, ठरल्या जागी नेते आणि तिथे रिकामी करते. (डबेवाल्यांचा दृष्टांत मी देणार नाही, तो आता फार झिजलाय.) त्वचेतली रंगपेशी अशाच पिशव्यांत काळा रंग भरून केसाला पुरवते. लढाऊ पांढऱ्या पेशीत अशाच पिशव्यांत जंतू लागलेल्या पेशीला मारणारं विष असतं. रक्त थांबवणाऱ्या बिंबिका अशाच पिशव्यांत आपला मसाला बाळगतात. तिन्ही पिशव्या एकाच घराण्यातल्या, आणि त्यांचा आकार आटोक्यात ठेवण्याचं काम या एलवायएसटी प्रथिनाकडे. ते बिघडलं की पिशव्या फुगून थोराड होतात. रंगाची पिशवी केसापर्यंत नीट पोचत नाही, केस चंदेरी. विषाची पिशवी उघडत नाही, न्यूमोनिया आणि गळवं. बिंबिकांत मसालाच नाही, काळेनिळे डाग. तुम्हाला तीन आजार दिसताहेत, पण ते तीन नाहीत.

ही थोराड पिशवी मी डोळ्यांनी पाहिली आहे, आणि पहिल्यांदा पाहिली तेव्हा ओळखली नव्हती. १९८७ साल. मी नवी नवी नोकरीला लागले होते. तीन वर्षांचा मुलगा, ताप, पोटात प्लीहा हाताला लागत होती. लीशमन नावाच्या रंगानं रंगवलेली रक्ताची काच, सूक्ष्मदर्शकाचं सगळ्यात मोठं भिंग. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीत एरवी धुळीसारखे बारीक कण दिसतात. इथे एकेका पेशीत ज्वारीच्या दाण्यासारखे मोठे, करडे-जांभळे पाच-सहा गोळे होते. शेजारच्या लिम्फोसाइटमध्ये, म्हणजे दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशीत, एकच, लालसर, गोल, कुंकवाच्या टिकलीसारखा. मी लिहिलं 'टॉक्सिक ग्रॅन्युल्स', म्हणजे तापामुळे झालेले बदल, आणि सही केली. आमचे सर आठवडाभराने दौऱ्यावरून परतले, काच बघितली आणि एवढंच विचारलं, "पोराचे केस बघितलेस का?" मी वॉर्डात धावत गेले. खाट रिकामी होती. त्या दिवसापासून मुलाची काच आली की मी केसांचा रंग विचारते, लॅबवाली पोरं मला हसतात तरी.

केसांचीही काच करता येते. चिमटभर केस कापायचे, काचेवर डीपीएक्स या पारदर्शक डिंकाचा थेंब, वरून कव्हरस्लिप. खर्च जवळजवळ शून्य. चेडियाक-हिगाशीत रंगाचे बारके गठ्ठे, नेहमीपेक्षा मोठे पण एकसारख्या अंतरावर, मोहरी पेरल्यासारखे. ग्रिसेली नावाचा याचा चुलतभाऊ आहे, त्यात गठ्ठे मोठे आणि ओबडधोबड, केसाच्या मधल्या गाभ्यात कुठेही पडलेले, आणि रक्तात ते थोराड गोळे नसतात. तुमच्याकडे जनुकाचा रिपोर्ट आहे, तरी डॉक्टरांना विचारा, काच कुणी बघितली का. जनुक आणि काच दोन्ही एकच सांगत असतील तर पाय घट्ट रोवून पुढे जाता येतं.

आणि पुढे जायची घाई आहे, हे मी लपवत नाही. या मुलांना एक टप्पा गाठतो. एखादा विषाणू शिरतो, लढाऊ पेशी त्याला मारू शकत नाहीत, नुसता आरडाओरडा करत राहतात. त्या गदारोळात शरीरातल्या भक्षक पेशी स्वतःचंच रक्त खायला लागतात. उतरत नाही असा ताप, पोट फुगणं, नव्या चकत्या, पिवळेपणा, यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच मोठं रुग्णालय गाठा. कायमचा उपाय बोन मॅरो ट्रान्सप्लांट, तोही तो टप्पा यायच्या आधी झालेला बरा. ट्रान्सप्लांटनं रक्त सुधारतं, प्रतिकारशक्ती येते. केस चंदेरीच राहतात, आणि मोठेपणी चालण्यात, हातापायांच्या नसांत येणारा त्रास त्यानं टळत नाही. हे आत्ताच माहीत असलेलं बरं. भाऊ-बहीण दाता म्हणून जुळत असेल तर त्याचीही आधी हीच तपासणी. मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे, एनआयआयएच म्हणतात. जन्मजात प्रतिकारशक्तीचे आजार हे त्यांचं रोजचं काम. डॉक्टरांकडून तिथलं पत्र घ्या. तोवर तापाला पॅरासिटामोल चालेल, अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन नको, बिंबिका आधीच लंगड्या आहेत. कुठलीही जिवंत लस विचारल्याशिवाय नको.

बहिणीला दुसरं मूल हवं असेल तर प्रत्येक गरोदरपणात धोका चारात एक. एक झालं म्हणजे पुढचे तीन सुटले, असा हिशेब नसतो. जनुकातला दोष नेमका माहीत असल्यानं तिसऱ्या महिन्यात वारेचा बारीक तुकडा काढून तपासता येतो. रिपोर्टाची मूळ प्रत जपून ठेवा, लॅमिनेशन मात्र करू नका, झेरॉक्स धड निघत नाही.

प्रश्न : माझी मुलगी एकोणीस वर्षांची, कानाजवळ पंधरा-वीस केस पांढरे झालेत. हा रक्ताचा काही आजार तर नाही ना? — पुणे

उत्तर : नाही. वरच्या पत्रातला आजार जन्मापासून सगळ्या डोक्यावर दिसतो, कानाजवळ पंधरा केसांत नाही. बी-१२ आणि थायरॉइड तपासा, आणि घरात कुणाचे लवकर पिकले होते ते आठवा. बहुतेक वेळा वडिलांचे.

प्रश्न : मॅडम, मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रथिनाचा क्रम संगणकावर टाकला की 'अमुक डोमेन सापडलं' असं येतं. यीस्टमध्ये, माशीत आणि माणसात तेच डोमेन. मग डोमेन बिघडलं की आजारही तोच व्हायला हवा ना? सरांना विचारलं तर म्हणाले, परीक्षेला येत नाही. — लातूर

उत्तर : सरांना माझा नमस्कार.

आमच्या ह्यांचं इचलकरंजीत मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. मागावरच्या मोटरी यायच्या, पंपाच्या यायच्या. भिंतीवर खोक्यांची रांग, त्यात ६२०३ नंबरचं बेअरिंग सगळ्यात जास्त खपायचं. तेच पंपाच्या मोटरीत, तेच मोटरसायकलच्या चाकात. बेअरिंग एकच, काम एकच, फिरणारा दांडा धरून ठेवायचा. पण ते गेलं की पंपावाल्याच्या शेताला पाणी नाही आणि गाडीवाल्याचं चाक डुगडुगतं. तक्रार घेऊन येणारी माणसं वेगळी. डोमेन म्हणजे असं नंबरवालं बेअरिंग. प्रथिनाचा एक तुकडा, स्वतःच्या स्वतः घडी पडणारा, एक ठरावीक काम करणारा. निसर्गाला एकदा तो जमला आणि मग त्यानं तो शेकडो ठिकाणी बसवला. पुस्तकात अशा तुकड्याला 'जपलेला' (कन्झर्व्ह्ड) म्हणतात, म्हणजे एवढंच की तो फार बदलून चालत नाही, बदलला की गाडी थांबते.

वर मावशींच्या भाच्याचं पत्र वाचलंस ना, तिथूनच धर. एलवायएसटी हे ३८०१ अमिनो आम्लांचं (प्रथिनाच्या माळेतले मणी) अवाढव्य प्रथिन. त्यात बीच डोमेन तीनशेच्या आतबाहेर, शेपटीकडे. हे डोमेन असलेली प्रथिनं माणसात नऊ. यीस्टमध्येही एक आहे. माशीतलं एक बिघडलं की तिचा मेंदू झिजत जातो. त्या माशीला 'ब्लू चीज' म्हणतात. माणसात एनबीईएएल-२ हे नऊपैकी एक. ते बिघडलं तर केस काळेभोर, प्रतिकारशक्तीही चालते, पण बिंबिकांतल्या पिशव्यांचा एक प्रकार, अल्फा कण, भरत नाही. काचेवर त्या मोठ्या आणि फिक्या करड्या दिसतात, राखेचे ठिपके जणू. नावच 'ग्रे प्लेटलेट सिंड्रोम', आणि जनुक २०११ साली सापडलं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर यात आहे. बेअरिंग तेच, पण कुठल्या यंत्रातलं गेलं त्यावर आजार ठरतो.

एलआरबीए हे आणखी एक भावंड, आणि त्याची गोष्ट मला सगळ्यात आवडते. आपल्या टी-पेशींना (लढाऊ पांढऱ्या पेशींची एक जात) आवरणारा एक ब्रेक आहे, सीटीएलए-४. तो पेशीच्या आत पिशव्यांत ठेवलेला असतो, लागेल तसा वर येतो. एलआरबीए त्याला पेशीच्या भंगारात जाण्यापासून वाचवतं. ते नसलं की ब्रेक तयार होतो आणि लगेच भंगारात जातो. मूल स्वतःच्याच आतड्यावर, रक्तावर, फुप्फुसावर हल्ला करायला लागतं. आता गंमत बघ. संधिवाताला अ‍ॅबाटासेप्ट नावाचं इंजेक्शन आधीपासून होतं, आणि ते म्हणजे बाहेरून दिलेला सीटीएलए-४चाच तुकडा. पिशवीचा रस्ता कुठे अडलाय ते कळल्याबरोबर कपाटातलं औषध हाताला लागलं. २०१५ साली ते छापून आलं. 'परीक्षेला येत नाही' म्हणणाऱ्यांना हे वाचून दाखव.

उलटंही होतं, म्हणजे एकाच यंत्रातली वेगवेगळी चाकं. ग्रिसेलीच्या दुसऱ्या प्रकारात रॅब-२७ए बिघडतं. हे पिशवीवर बसणारं प्रथिन. रंगपेशीत ते मेलॅनोफिलिनमार्फत मायोसिन-५ए या ओढणाऱ्याला धरतं, आणि लढाऊ पेशीत पिशवी रिकामी करणाऱ्या मंक-१३-४ला. म्हणून रॅब गेला तर केसही चंदेरी आणि प्रतिकारशक्तीही गेली. मेलॅनोफिलिन गेलं तर नुसते केस चंदेरी, मूल ठणठणीत. मंक-१३-४ गेलं तर केस काळे, आणि मूल त्या भयंकर तापानं आजारी. कागदावर तीन बाण काढ, पाठ करावं लागणार नाही.

एक सावधगिरी. संगणक 'डोमेन सापडलं' म्हणतो तेव्हा तो फक्त क्रम जुळल्याचं सांगतो. रिपोर्टात डोमेनमधला बदल दिसला म्हणून आजार सिद्ध होत नाही. 'व्हीयूएस' असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ 'अजून ठरलेलं नाही', 'आहे' असा नव्हे. दोष एकाच जनुकातला असला तरी प्रथिन अर्ध्यात तुटलं की चेडियाक-हिगाशी बाळपणीच गाठतो, आणि एखादंच अक्षर बदललेलं असेल तर कधी कधी माणूस मोठा होतो आणि मग चालताना अडखळायला लागतो.

यीस्टचं विचारलंस म्हणून थोडं. रँडी शेकमन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी असं यीस्ट शोधलं की जे २४ अंशांवर नीट राहतं, पण ३७ अंशांवर त्याच्या पिशव्या बाहेर रिकाम्या होत नाहीत आणि आत माल साचून ते जड होतं. जड पेशी तळाला बसतात, तेवढ्यावरून तेवीस जनुकं वेगळी काढली. जेम्स रॉथमन तिकडे सस्तन प्राण्यांच्या पेशी वाटून त्यातली प्रथिनं काढत होते. त्यांना सापडलेलं एनएसएफ हे प्रथिन आणि यीस्टमधलं एसईसी-१८ एकच निघालं. आणि तेच प्रथिन एका माशीतही सापडलं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) रेण्वीय जीवशास्त्राची सुरुवात करणारे ओबेद सिद्दीकी यांनी सेमूर बेन्झर यांच्यासोबत १९७६ साली गरम केलं की लुळ्या पडणाऱ्या माश्यांचं वर्णन केलं होतं. त्यांतली एक गार केल्यावरही लवकर उठत नसे, म्हणून तिचं नाव 'कोमाटोझ'. तिचं बिघडलेलं जनुक एनएसएफचंच, हे कळायला १९९५ उजाडलं. पिशव्यांवरच्या कामासाठी शेकमन, रॉथमन आणि थॉमस सुडहॉफ यांना नोबेल जाहीर झालं ऑक्टोबर २०१३मध्ये. सिद्दीकी त्याच जुलैत गेले.

प्रश्न : माझ्या वडिलांना पंचवीस वर्षांपूर्वी धनुर्वात झाला होता, दीड महिना रुग्णालयात होते, वाचले. परवा शेतात त्यांना खुरपं लागलं. दवाखान्यात म्हणाले, इंजेक्शन घ्यावं लागेल. वडील म्हणतात, गोवर एकदा झाला की पुन्हा होत नाही, तसंच हे. त्यांनी घ्यावं की नको? — तालुका वाळवा

उत्तर : घ्या. आजच. वडिलांचा हिशेब गोवराला बरोबर आहे, धनुर्वाताला नाही. धनुर्वाताचं विष इतकं जालीम की माणूस आडवा व्हायला जेवढं लागतं, तेवढ्याची शरीराच्या पहारेकऱ्यांना दखलच घेता येत नाही. त्यामुळे आजार झाला तरी प्रतिकारशक्ती येत नाही. ती येते लसीनंच. आता नुसत्या टीटीऐवजी टीडी मिळतं, त्यात घटसर्पाचीही लस आहे. जखमेत माती असेल आणि आधीच्या डोसांचा पत्ता नसेल तर डॉक्टर तयार प्रतिपिंडांचं आणखी एक इंजेक्शन सुचवतील, त्याला नाही म्हणू नका.

वडिलांना दीड महिना का लागला, तेही सांगते, कारण ते वरच्याच पिशव्यांचं प्रकरण आहे. नस स्नायूला किंवा दुसऱ्या नसेला निरोप देते तो पिशवीतून. पिशवीवर आणि भिंतीवर प्रथिनांचे दोरे असतात, स्नेअर म्हणतात. चार पदर एकमेकांत पीळ भरतात, वेणी घट्ट होते आणि पिशवी भिंतीला चिकटून फुटते. धनुर्वाताचं विष म्हणजे एक कात्री. पिशवीवरच्या सिनॅप्टोब्रेव्हिन या दोऱ्यातला ती एकच बंध कापते, शहात्तराव्या आणि सत्त्याहत्तराव्या अमिनो आम्लांमधला. वेणी घालता येत नाही, निरोप आतच राहतो. ही कात्री जखमेजवळच्या नसेतून चढत मज्जारज्जूपर्यंत जाते आणि तिथल्या 'पुरे, सैल सोड' असं सांगणाऱ्या पेशींत शिरते. 'पुरे' म्हणणारं कुणी उरलं नाही की स्नायू आवळतच जातात, जबडा बसतो, पाठ धनुष्यासारखी होते. एकदा कात्री नसेत शिरली की कुठलंही इंजेक्शन तिथवर पोचत नाही. नस पुन्हा सावरेपर्यंत तग धरायचा, त्यातच तुमच्या वडिलांचा दीड महिना गेला.

बिघडलेल्या डबाबंद अन्नातून होणाऱ्या बॉट्युलिझमच्या विषाचा एक प्रकार, 'बी', तोच बंध कापतो. तोच दोरा, तीच गाठ. पण तो मज्जारज्जूपर्यंत चढत नाही, नस आणि स्नायू जिथे भेटतात तिथेच थांबतो आणि 'आवळ' हा निरोप अडवतो. त्यात माणूस धनुष्य होत नाही, लुळा पडतो, पापणीही उचलत नाही.

जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा. हळद, चुना, शेण, तंबाखू काही भरू नका. आणि वडिलांना घेऊन जाताना स्वतःचाही टीडी उरकून घ्या, खुरपं तुम्हीही धरताच.